एर्नाजची दोरी कोण कापणार

“मूल खरं आहे की नाटकातलं?” ग्रामकार्यालयातल्या कारकूनबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

तिलेकने अर्जावरून मान वर केली. गेली दहा वर्षं तो बिश्केकमध्ये कंपन्यांच्या जाहिरातींच्या फिल्मा काढून देत होता. साबण झाला, सिमेंट झालं, बँका झाल्या, एकदा तर थडग्यांचे दगडसुद्धा झाले. पण हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

“म्हणजे... नाटकातलंच. पण मूल म्हणून खरं,” तो म्हणाला.

“एक काय ते सांगा. नाटकातलं असेल तर हे शूटिंग. त्याचा अर्ज वेगळा. दहाच्या वर माणसं धावणार म्हणजे क्रीडास्पर्धा, तिला डॉक्टर हवा. मागे घोडे दिसणार असतील तर जनावरांच्या डॉक्टरचा दाखला. आणि या सगळ्यावर जिल्ह्याच्या साहेबांची सही.”

“साहेब कुठे आहेत?”

“वर कुरणात.”

“खाली कधी येणार?”

“गवत संपलं की.”

जून महिना चालू होता आणि गवत गुडघ्याला लागत होतं. शूटिंग रविवारी होतं. तिलेकने असा काही उसासा टाकला की बाईंना दया आली असावी. त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे बघा, घरचं कार्य असेल तर काही म्हणता काही लागत नाही. पहिलं पाऊल टाकायच्या आधी कुणाच्या लेकराच्या पायातली दोरी कापायची, तर सरकार मध्ये कशाला कडमडेल? म्हणून तर विचारलं, मूल खरं आहे का.”

तिलेकने पेन उचललं. ‘दोरी कापण्याचे घरगुती कार्य’ असं लिहिलं. ‘मुलाचे नाव’ या रकान्याशी पेन अडलं, कारण भाड्याने ठरवलेल्या मुलाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. बाई बघत होत्या. भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं. आणि तिलेकने आपल्याच मुलाचं नाव लिहून टाकलं. एर्नाज, वय अकरा महिने. कागदच तर होता! बाईंनी त्यावर गोल शिक्का असा हाणला की टेबलावरचा चहा हिंदकळला.

आता या धंद्यात निर्माता म्हणजे नेमकं कोण, हे तिलेकच्या सासूबाईंना चार वर्षांत कळलेलं नव्हतं. कॅमेरा धरतो तो कॅमेरावाला. ओरडतो तो दिग्दर्शक. पैसे देतो तो ग्राहक. मग जावई काय करतो? “फोनवर ‘होईल, होईल’ म्हणतो,” असं या सासूबाई, म्हणजे बुरुलचा आपा, बिल्डिंगभर सांगत असत, आणि वाईट याचं की ते शंभर टक्के खरं होतं.

या वेळचा ग्राहक होता ‘बोबोकजान’ नावाचं, लहान मुलांनी प्यायचं बाटलीतलं दही. कंपनीचे संचालक सांजार तुर्दाकुनोविच. यांचं नाव नेहमी वडिलांसकट पूर्ण घ्यावं लागे, निम्मं घेतलं तर ते वळूनही बघत नसत. फिल्मची गोष्ट साधी होती. माळावर एक बाळ, पायांत दोरी बांधलेली. लांबून माणसं धावत येतात. जो पहिला पोचतो तो दोरी कापतो, बाळाला दही पाजतो आणि बाळ चालू लागतं.

“पहिला मी पोचणार,” सांजार तुर्दाकुनोविच म्हणाले.

“तुम्ही? स्वतः?”

“दोरी कापणारा जसा, तसं मूल निघतं. प्रत्येक आईला वाटलं पाहिजे, आपलं मूल माझ्यासारखं व्हावं.”

तिलेकने त्यांच्याकडे नीट बघितलं. पोट टेबलाच्या अलीकडे मावत नव्हतं. चहा आणणाऱ्या बाईवर ते दोनदा खेकसले होते आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघत होते. पण वर्षभराचं कंत्राट होतं, आणि ते गेलं तर कचेरीतली आठ माणसं घरी बसली असती. पहिला अर्थातच तिलेक.

“होईल,” तिलेक म्हणाला.

माळ सुचवला होता तिसऱ्या मजल्यावरच्या जुमाश बैकेने. हा निवृत्त बसचालक. फुकट सल्ला आणि फुकट नास, म्हणजे जिभेखाली धरायची तंबाखू, ही दोनच व्यसनं. “आमच्या गावाला चल! डोंगर मागे, ओढा पुढे. माझं नाव सांग, कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही.” तिलेकने नाव सांगितलं. कुत्री भुंकली नाहीत हे खरं. बाकी सगळं गाव भुंकलं, पण ते पुढे.

आणि घरात काय चाललं होतं? घरात बुरुलचा आपा एर्नाजच्या दोरीची तयारी करत होत्या. खऱ्या दोरीची. सप्टेंबरात, मोठा हॉल, दीडशे पाहुणे. दोरी कापणार आपांचे थोरले भाऊ, हृदयाचे नामांकित सर्जन. ते एकाहत्तर वर्षांचे, म्हणून शर्यत फक्त नावाला. मामांनी चार पावलं टाकायची आणि कापायची. “एका घरात एक तरी कामाचा माणूस निपजू दे,” आपा म्हणत, आणि म्हणताना जावयाकडे बघत नसत. ते तर जास्तच लागे. आपांचा सगळा जन्म शाळा तपासण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर तपासायला घर उरलं. गुडघे गेलेले. जिना उतरताना तिलेकचा दंड धरत आणि प्रत्येक पायरीला त्याची एक चूक सांगत. चौथा मजला, अठ्ठेचाळीस पायऱ्या. चूक कधी कमी पडली नाही.

रविवारी सकाळी सगळे माळावर पोचले. दिग्दर्शक आयदार हातांची चौकट करून डोंगर बघत होता. मेरिम, म्हणजे तिलेकची बायको, एर्नाजला घेऊन नुसतं कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला आली होती. आणि भाड्याचं बाळ आलं होतं त्याच्या आजीबरोबर. बाळ गाडीतून उतरलं आणि धूम पळालं. चालत नाही, पळालं! दोन माणसांनी पाठलाग करून त्याला ओढ्याच्या काठावरून उचलून आणलं.

“हे चालतं?” तिलेक किंचाळलाच.

“मग? चौदा महिन्यांचं आहे,” आजी म्हणाली.

“बरं, बरं. पाय बांधू, म्हणजे थांबेल. आणा रे दोरी.”

आजीने दोरी बघितली आणि बाळाला पोटाशी धरलं. “अगं बाई! पुन्हा बांधणार? याची दोरी कापली वसंतात! एकदा कापलेल्या पायांना पुन्हा दोरी? जन्मभर ठेचकाळेल माझं लेकरू! तुला आईने काही शिकवलं का नाही?”

“आजी, अहो हे नाटक आहे.”

“पाय नाटकातले आहेत का?” असं म्हणून आजी बाळासकट गाडीत बसली आणि गाडी गेली.

तिलेक धूळ बघत उभा राहिला. मागे आयदार म्हणाला, “ऊन वर येतंय.” समोर सांजार तुर्दाकुनोविच नव्याकोऱ्या पांढऱ्या बुटांत गुडघे वर-खाली करून अंग मोकळं करत होते. मग सगळ्यांच्या माना एकेक करून मेरिमच्या मांडीकडे वळल्या. तिथे एर्नाज तळलेल्या कणकेचा बोरसोक चोखत बसला होता. अकरा महिन्यांचा, धरून उभा राहणारा, अजून एक पाऊलही न टाकलेला.

“मनात आणू नकोस,” मेरिम म्हणाली.

तिलेकने तिला बाजूला घेतलं आणि आयुष्यात केला नसेल असा युक्तिवाद केला. दोरी कापली असं कधी म्हणायचं? दोरी काळ्यापांढऱ्या लोकरीची, घरी वळलेली हवी. ही तर बाजारातून आणलेली सुतळी. दुसरं, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद हवा. इथे वडीलधारं कोण आहे? आणि तिसरं म्हणजे शर्यत खरी हवी. ही तर ठरवून सोडलेली. “तेव्हा मेरिम, हे मोजलंच जाणार नाही. सप्टेंबरात मामा कापतील ती खरी. आपांना कळणारही नाही.”

“आणि कळलं तर?”

“कोण सांगणार?”

मेरिमने कचेरीतल्या माणसांकडे बघितलं, त्यांच्याही घरी बायकापोरं होती. “एकदाच हं,” ती म्हणाली.

तेवढ्यात गावाच्या बाजूने धूळ उठली. आधी वाटलं मेंढ्या आहेत. मेंढ्या नव्हत्या, माणसं होती. पुढे कलपाक, म्हणजे उंच पांढऱ्या टोप्या, घातलेले म्हातारे, मागे बायका, बायकांच्या डोक्यावर पाव आणि बोरसोकच्या पराती, त्यामागे बाप्ये, आणि सगळ्यात मागे, पाय ओढत, एक मेंढा. पुढे होता जुमाश बैके, दोन्ही हात पसरून.

“अरे गुलामा! मुलाची दोरी कापतोस आणि आम्हाला सांगत नाहीस? कार्यालयातल्या बाईने गावाच्या ग्रुपवर टाकलं म्हणून कळलं. ‘रविवारी एर्नाजची दोरी’. शिक्क्याचा फोटो आहे!”

तिलेक पुढे धावला. “बैके, ते कागदावर... ही जाहिरात आहे हो!”

“असू दे की. जाहिरातीतल्या मुलाला आशीर्वाद लागत नाही?” बैकेची नजर सुतळीवर गेली आणि त्याने ती दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखी लांब फेकली. “हे काय? वासरू बांधायचंय? आत्याबाई, द्या इकडे!” आणि एका म्हातारीने कंबरेतून काढली काळ्यापांढऱ्या लोकरीची, रात्रभर बसून वळलेली दोरी.

मेरिमने तिलेककडे बघितलं. तो ओढ्याकडे बघत होता.

म्हातारे अर्धगोलात बसले. सगळ्यात जुन्याने हात पसरले आणि सुरुवात केली: पाय मजबूत होवोत, वाट मोकळी मिळो, घोडा गुणी मिळो. शंभर तळवे चेहऱ्यांवरून फिरले, “ओमिन!” आणि तिलेकचेही दोन फिरले. सवयच ती, हाताला काय कळतं जाहिरात आहे म्हणून!

राहता राहिली शर्यत. तिलेकने तिला मात्र घट्ट धरून ठेवलं. तो खुर्चीवर चढला. “मंडळी! सगळ्यांनी धावायचं, पण जपून. पहिले हे साहेब येणार. बाकीच्यांनी मागे राहायचं.”

मेंढा सोडून सगळ्यांचं चघळणं थांबलं.

“मुलाच्या दोरीत लबाडी?” सगळ्यात जुना म्हातारा हळूच म्हणाला. एवढंच, पण तिलेक खुर्चीवरून खाली उतरला.

“तसं काही नाही, आजोबा! जोरात धावा रे पोरांनो,” जुमाश बैके परस्पर गरजला, “पहिल्याला मेंढा!”

“कुणाचा मेंढा?” तिलेकने विचारलं.

“तुझाच की. कार्य कुणाचं आहे?”

चाळीस माणसं दोनशे पावलांवर जाऊन उभी राहिली. त्यांत एक होता टपाल वाटणारा, गावात सायकलशिवाय हिंडणारा. एक कसाई. दोघं भाऊ, ज्यांच्यावर गुरं पळवल्याची केस चालू होती आणि ज्यांचं धावणं पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. तिलेकच्या डोळ्यांपुढे एर्नाजची सगळी भवितव्यं ओळीने उभी राहिली. मधोमध सांजार तुर्दाकुनोविच, पांढऱ्या बुटांत. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिलेकला तेच सगळ्यांत वाईट वाटले. आपला मुलगा मोठा होऊन चहावालीवर खेकसतोय, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. थांबवावं का? पण जिभेला ‘थांबा’ म्हणायची सवय नव्हती. दहा वर्षांत ती एकच शब्द शिकली होती.

आयदारने हात खाली केला. चाळीस माणसं सुटली.

आणि त्याच वेळी रस्त्यावर एक टॅक्सी करकचून थांबली. दार उघडलं. बुरुलचा आपा!

त्यांना कुणी सांगितलं? जुमाश बैकेने! सकाळी फोन करून अभिनंदन केलं होतं मूर्खाने. आपांनी एका नजरेत सगळं तपासलं. माळ, कॅमेरे, दोरी, मुलगी, जावई, आणि डोंगरासारखी अंगावर येणारी माणसं.

“थांबा! अरे थांबा! मेल्यांनो, त्याला हात लावाल तर याद राखा!”

कोण ऐकतो? मेंढा होता समोर. मग आपांनी पिशवी टाकली, झगा दोन्ही हातांनी वर धरला आणि त्या धावल्या.

तिलेकने डोळे चोळले. ही बाई? जिच्यासाठी दर महिन्याला मलमाच्या नळ्या आणायच्या, ती? डोक्यावरचा रुमाल उडाला. एक चप्पल गेली. रस्ता जवळ होता, त्यामुळे त्या निघाल्या सगळ्यांच्या अर्ध्या वाटेवर, हे मान्य. पण कसाई मागे पडला, टपालवाला मागे पडला. सांजार तुर्दाकुनोविच मघाशीच ओढ्याजवळ बसले होते आणि बुटातून पाणी काढत होते. गुरंचोर भाऊ मात्र दोन्ही बाजूंनी येत होते, आणि आपा मधून. शेवटच्या दहा पावलांत त्यांनी धाकट्याला असं कोपर मारलं की तो दह्याच्या बाटल्यांच्या राशीत जाऊन पडला. आपा एर्नाजपाशी पोचल्या आणि दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

“कुणीही कापायची नाही!” त्यांनी धापा टाकत हुकूम सोडला.

गावाने जो जल्लोष केला, त्यात हे कुणाला ऐकूच गेलं नाही. “आजी जिंकली! आजी पहिली! कापा, आजी, कापा!” बायका ओरडत होत्या, म्हातारे कलपाक उडवत होते. आत्याबाईने आपांच्या हातात सुरी दिली. आपांनी सुरीकडे बघितलं, मग जावयाकडे. त्या नजरेत तपासणी नव्हती. नुसती घाबरलेली बाई होती ती. पहिला येईल त्यानेच कापायची, नाही म्हणालं तर मुलाला अपशकुन, हे आपांना कुणी शिकवायला नको होतं.

त्या खाली बसल्या आणि त्यांनी दोरी कापली.

एर्नाज आजीचं नाक धरून उभा राहिला. मग नाक सोडलं. एक पाऊल. दुसरं. तिसरं, जरा तिरकं. चौथ्याला तो धपकन बसला आणि स्वतःवरच खूश होऊन टाळ्या वाजवू लागला. मेरिम रडत होती. आयदार रडत होता. तिलेकला आपले डोळे कधी भरले ते कळलं नाही.

“हे चालायचं नाही.” सांजार तुर्दाकुनोविच ओले बूट हातात घेऊन उभे होते. “मी कुठे आहे यात? बाटली कुठे आहे? दोरीला गाठ मारा. पुन्हा घेऊ. आणि या बाईंना आवरा.”

तिलेकने तोंड उघडलं. आयदारने मान खाली घातली, पुढचा शब्द त्याला ठाऊक होता.

“नाही,” तिलेक म्हणाला.

सगळ्यांत मोठा धक्का त्यालाच बसला. कुणीतरी दुसरंच बोललं की काय, म्हणून त्याने मागे वळूनही बघितलं.

“काय म्हणालात?”

“दोरी पुन्हा बांधायची नाही, सांजार तुर्दाकुनोविच. एकदाच कापतात.”

“कंत्राटावर सही कुणाची आहे? तुम्ही निर्माता आहात की पोराचे बाप?”

“दोन्ही एकदम जमत नाही, हे सकाळपासून सगळं गाव बघतंय,” तिलेक म्हणाला.

सांजार तुर्दाकुनोविच अनवाणी गाडीत बसले आणि गेले. वर्षभराचं कंत्राट गाडीच्या मागच्या काचेत लहान लहान होत गेलं. आयदारने येऊन खांद्यावर हात ठेवला. “आठ जण आहोत,” तो म्हणाला, “काहीतरी शोधू.” मग तोही बोरसोकच्या परातीकडे गेला.

आता आपांचा नंबर. तिलेक मनाची तयारी करून गेला. आज अठ्ठेचाळीस पायऱ्या पुरणार नव्हत्या. आपा गवतात बसल्या होत्या, मांडीवर एर्नाज, एक पाय अनवाणी. त्या रडत होत्या. आवाज न करता, एखाद्या पोरीसारखं नाक ओढत.

“आपा, माझं चुकलं. मी त्या कागदावर...”

“तुझं सोड रे. तुझं नेहमीच चुकतं.” त्यांनी रुमाल शोधला, तो तर उडालेला. बाहीने नाक पुसलं. “मी काय करून बसले? भाऊ कापणार होता. सोन्यासारखा माणूस, जाईल तिथे लोक उठून उभे राहतात. आणि आता हा माझ्यावर जाणार. माझ्यावर! दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढत बसेल. कुणाचं काही गोड लागायचं नाही त्याला. शेवटी शेवटी लोक जिन्यात याचा आवाज ऐकून दार लावून घेतील. मला काय कळत नाही का? चौथ्या मजल्यावरची किती दारं लागतात ते मोजते मी.”

सासूबाई असं काही बोलतील हे तिलेकच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ‘मूल यांच्यावर जाणार’ हा विचार मघाशी त्याच्याही मनात येऊन गेला होता. तो तिथेच, गवतात, त्यांच्याशेजारी बसला.

“जाऊ दे की तुमच्यावर,” तो म्हणाला.

आपांनी झटक्यात वळून बघितलं.

“खरंच जाऊ दे, आपा. चाळीस माणसं अंगावर येत होती. मी बाप, हातभर अंतरावर उभा होतो, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तुम्ही चप्पल टाकून धावलात. आपल्या माणसासाठी असं धावणारा निघाला ना हा, तर मला दुसरं काही नको. चुका काढू दे खुशाल.”

तिकडे मेंढा सोडला होता आणि जुमाश बैके तो कुणाचा यावर भांडत होता. एर्नाज आजीच्या मांडीवरून उतरायची खटपट करत होता.

“खोटं बोलतोस. जाहिरातवाला आहेस तू,” आपा म्हणाल्या.

“आजच सोडली की.”

आपांनी एर्नाजचे मोजे वर ओढले, उगाच, ते वरच होते. मग जावयाकडे न बघता म्हणाल्या, “पुन्हा एकदा सांग.”

तिलेकने पुन्हा सांगितलं.